रुग्णनोंदींची मूळ प्रत कोठे असावी?

केसपेपर, प्रकृतिपरीक्षणाची टिपणे, एखाद्या कल्पाचे अनुभव, फार्मसीतील द्रव्यखरेदी आणि बॅचच्या नोंदी हे लेखन आता बऱ्याच ठिकाणी वहीतून संगणकावर आले आहे. त्यासाठी उपलब्ध असलेल्या टिपणप्रणालींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. नोशन, एव्हरनोट यांसारख्या क्लाउड प्रणालींत मूळ प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते. ऑब्सिडियन, जॉपलिन यांसारख्या प्रणालींत ती आपल्याच संगणकावर असते आणि इतर यंत्रांवर जातात त्या तिच्या नकला. या दुसऱ्या पद्धतीस २०१९ मध्ये इंक अँड स्विच या संशोधनगटाच्या निबंधामुळे ‘लोकल-फर्स्ट’ हे नाव रूढ झाले.

निवड करताना बहुधा सोय आणि किंमत पाहिली जाते. वैद्याने त्याआधी विचारावयाचा प्रश्न असा की, कंपनीने उद्या अटी बदलल्या तर नोंदी कोणाच्या हाती राहतील? एव्हरनोटचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. २००८ पासून चालू असलेल्या या सेवेने डिसेंबर २०१६ मध्ये अशी अट जाहीर केली की, यंत्रशिक्षणाच्या कामासाठी कंपनीचे काही कर्मचारी ग्राहकांची टिपणे वाचू शकतील. विरोध झाल्यावर ती मागे घेतली गेली. पुढे कंपनी बेंडिंग स्पून्स या इटालियन संस्थेकडे गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापरावर ५० टिपणे व एक वही अशी मर्यादा आली. जुनी टिपणे नष्ट झाली नाहीत. परंतु ज्यांची टिपणे त्याहून अधिक होती, त्यांना नवे टिपण लिहिण्यासाठी शुल्क भरणे भाग पडले. कंपनीने यात बेकायदेशीर असे काही केले नाही, आणि खरी अडचण नेमकी हीच आहे.

तथापि, नोंद आपल्या संगणकावर आहे एवढ्याने ती आपली होत नाही. २००० च्या सुमारास ज्यांनी श्रीलिपी किंवा कृतिदेव अक्षरसंचात टिपणे टंकलिखित केली, त्यांना हे विस्ताराने सांगावयास नको. त्या फाईल्स आजही डिस्कवर सुखरूप असतात. पण तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर उघडल्यास ‘अश्वगंधारिष्ट’ हा शब्द निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतो. यास्तव मजकूर युनिकोड देवनागरीत आणि खुल्या स्वरूपात असणे हे जागेइतकेच महत्त्वाचे आहे. ऑब्सिडियन प्रत्येक टिपण साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवते व ती नोटपॅडमध्येही उघडते. जॉपलिन टिपणे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते, पण तशाच साध्या फाईल्स करून देते. नोशनमधूनही मजकूर बाहेर काढता येतो. मात्र तेथील परस्परांशी जोडलेले तक्ते बाहेर आल्यावर पूर्वीसारखे काम करीत नाहीत.

स्थानिक पद्धतीचे धोके झाकून ठेवण्याचे कारण नाही. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा वेळी तळमजल्यावरील संगणक आणि त्याशेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यामुळे बंद पडले आणि कित्येक दिवस तेथील काम कागदावर करावे लागले. म्हणून एक नकल दुसऱ्या इमारतीत आणि एक कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या स्वरूपात इंटरनेटवर ठेवावी. ऑब्सिडियनच्या फाईल्स डिस्कवर उघड्याच असतात. त्यामुळे संगणकाची डिस्कही एन्क्रिप्ट केलेली हवी. मदतनीस, औषध देणारा मुलगा आणि वैद्य हे तिघे एकाच पासवर्डने काम करीत असतील, तर प्रणाली कोणतीही घ्या, गोपनीयता उरत नाही.

फार्मसीचालकांचा विचार थोडा वेगळा पडतो. गोदाम, कारखाना आणि विक्रीकेंद्र येथून एकाच वेळी साठा लिहावयाचा असेल, तर क्लाउड प्रणाली निःसंशय सोयीची आहे. स्थानिक पद्धतीत दोघांनी एकच फाईल एकदम बदलल्यास कोणती खरी, हा घोळ होऊ शकतो. मात्र शेड्यूल टीनुसार ठेवावयाच्या बॅचनोंदी निरीक्षकासमोर ठेवताना इंटरनेट बंद आहे ही सबब चालत नाही. त्यांची प्रत दरमहा स्वतःकडे उतरवून घ्यावी.

रुग्णनोंदींबाबत माझे मत स्पष्ट आहे: मूळ प्रत चिकित्सालयातच असावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडे सोपविली तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. सहकारी वैद्याशी चर्चेसाठी क्लाउडवर काही ठेवावयाचेच असल्यास नावाऐवजी नोंदणीक्रमांक लिहावा आणि गाव, व्यवसाय गाळावा. लहान गावात तेवढ्यावरूनही रुग्ण ओळखू येतो.

प्रणाली पक्की करण्यापूर्वी दहा केसपेपर त्यात लिहावेत, ते बाहेर काढावेत आणि ती प्रणाली नसलेल्या दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद करून, उघडून पाहावेत. जोडाक्षरे, मात्रांचे तक्ते आणि तारखा जशाच्या तशा वाचता आल्या, तरच पुढील केसपेपर तेथे चढवावेत.