चिखलातले देवदूत

इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे जुने शहर आहे. शहरातून आर्नो नदी वाहते. ४ नोव्हेंबर १९६६ ला नदीला मोठा पूर आला. नदीकाठी राष्ट्रीय ग्रंथालय होते. त्याच्या तळघरात पाणी शिरले. लाखो पुस्तके चिखलात बुडाली.

आता कसे व्हायचे? गावोगावची तरुण मुले-मुली धावून आली. परदेशांतूनही आली. कोणी मजुरी मागितली नाही. त्यांनी रांग धरली. एकाने पुस्तक उचलायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचे. असे हातोहात ग्रंथ वर आले. तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांतसुद्धा ते वाळवले.

पण वाळवले म्हणजे झाले का? नाही. इंग्लंडहून पीटर वॉटर्स आणि दुसरे बुकबाइंडर आले. त्यांनी इतरांना काम शिकवले. पुस्तकाची शिलाई उसवायची. पान न् पान धुवायचे. वाळवायचे. मग पुन्हा शिवून पुठ्ठा चढवायचा. हे काम कित्येक वर्षे चालले.

त्या मुलांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? बहुतेकांची नाहीत. पण लोकांनी त्यांना प्रेमाने एक नाव दिले, ‘चिखलातले देवदूत’.

पुस्तकाची शिलाई वरून दिसत नाही. पण पाने धरून ठेवते ती शिलाईच. गावातही अशी माणसे असतात. त्यांना पैसा नको असतो. आपले काम कोणी पाहिले, दोन शब्द बरे बोलले, एवढे त्यांना पुरते.

करून पाहा : तुमच्या गावात पैसे न घेता कोण राबते? त्यांचे नाव पाटीवर लिहा. मग त्यांना ते वाचून दाखवा.