पुण्याचा प्लेग आणि उंदरावरील पिसू

इ. स. १८९७ च्या आरंभीं पुणें शहरांत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, भयंकर सांथ पसरली. रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले यांसही तो रोग जडला व १० मार्च रोजीं त्यांचें देहावसान झालें. रोगी हुडकण्यासाठीं गोरे सोजीर घरोघर शिरले, लोक खवळले, आणि २२ जून रोजीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांजवर गोळी झाडली गेली. परंतु हा रोग घरांत शिरतो कसा, हें ना सरकारास ठाऊक होतें, ना लोकांस.

प्लेगचा जंतु येरसिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढिला होता. तो पसरविणारी उंदरावरील पिसू होय, हें सीमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ सालीं कराची येथें प्रयोगानें दाखविलें. मेलेला उंदीर थंड पडला कीं पिसवा त्यास सोडून दुसरें ऊबदार रक्त शोधूं लागतात. उंदीर पडूं लागतांच आपले वाडवडील घर सोडून रानांत झोंपड्या बांधीत. त्यांस पिसवेचें ज्ञान नव्हतें, पण अनुभव खरा होता.

आतां विद्यार्थ्यांनीं पिसवेच्या पोटांत डोकावावें. तेथें जंतु एक चिकट पदार्थ तयार करितात व जठराच्या तोंडाशीं जणूं बूच बसतें. प्यालेलें रक्त खालीं उतरत नाहीं. भुकेली पिसू पुनः पुनः चावते, आणि अडलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत येतें. हें बेकट व मार्टिन यांनीं १९१४ सालीं दाखविलें.

याची गुरुकिल्ली जंतूच्या जनुकांत आहे. जनुक म्हणजे डीएनए नामक रेणूवर लिहिलेली एकेक आज्ञा. चिकट पदार्थाची आज्ञा पिसवेच्या थंड देहांत पाळली जाते, माणसाच्या ३७ अंश उष्णतेंत नाहीं. दुसरें एक जनुक जंतूस पिसवेच्या आंतड्यांत जिवंत राखतें. त्यावांचून तो तेथें मरतो, असें २००२ सालीं सिद्ध झालें. सुमारें ५००० वर्षांपूर्वींच्या मानवी दांतांत सांपडलेल्या प्लेगजंतूंत हें जनुक नव्हतें. एवढ्याशा भरीनें केवढा अनर्थ झाला!

आज वेळीं औषध मिळाल्यास प्लेगचा रोगी बरा होतो. तरीही १९९४ सालीं बीड जिल्ह्यांत हा रोग पुनः प्रकटला. म्हणून पालकांनीं धान्य झांकून ठेवावें, केरकचरा सांचूं देऊं नये, आणि मेलेल्या उंदरास मुलांस हात लावूं देऊं नये, अशी आमची विनंति आहे. शत्रु कोण हें न कळल्यानें १८९७ सालीं माणूस माणसावर उलटला. तो धडा आम्ही विसरतां कामा नये.