फुलून वाळलेला भेरली माड आणि रोपांवरचा गेंड्या भुंगा

मृगाचा पाऊस कोकणात स्थिरावला की माडाच्या कुळातील झाडांवर गेंड्या भुंग्याचा उपद्रव वाढू लागतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत प्रौढ भुंगे सर्वाधिक संख्येने बाहेर पडतात, आणि या हंगामात परसबाग राखणाऱ्यांची मुख्य चिंता तीच आहे. रोप कधी लावावे, आळे किती रुंद असावे, पाणी किती द्यावे, हे कोकणातल्या घराघरांत ठाऊक असल्याने त्याची पुनरुक्ती येथे केलेली नाही.

हा काळा, चकचकीत, डोक्यावर शिंग असलेला भुंगा रात्री उडतो आणि शेंड्यातील न उमललेल्या कोंबात छिद्र पाडून आतला कोवळा भाग खातो. पुढे ती झावळी उमलते तेव्हा कात्रीने त्रिकोणी तुकडे कापून काढल्यासारखी दिसते, आणि छिद्राच्या तोंडाशी चघळलेल्या तंतूंचा चोथा आढळतो. मोठा माड असे दोन-चार घाव सोसतो. दोन-तीन वर्षांच्या रोपाचा मात्र वाढीचा एकमेव कोंब कुरतडला गेला की रोप संपते. शिवाय त्याच जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो आणि पावसाळी ओलाव्यात तेथेच कोंब कुजवणारी बुरशी शिरते. बहुतेक वेळा झाड शेवटी या दोन कारणांनी मरते. सुरुवात मात्र गेंड्या भुंग्याच्या छिद्रापासून झालेली असते.

भुंगा खातो शेंड्यात, पण वाढतो जमिनीवर, आणि नेमके हेच लक्षात घेतले जात नाही. मादी कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे ढीग आणि मेलेल्या माडांची खोडे यांत अंडी घालते. त्यांतून निघालेली पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळाकार वळलेली अळी तेथेच महिनोन्‌महिने पोसली जाते. शोभेसाठी भेरली माड लावणाऱ्यांनी या ठिकाणी विशेष सावध राहिले पाहिजे. भेरली माड आयुष्यात एकदाच बहरतो, म्हणजे पहिला लोंबता फुलोरा शेंड्याशी येतो, त्यानंतरचे फुलोरे काही वर्षे एकाखाली एक उतरत जातात आणि तळाचा फुलोरा फळला की संपूर्ण झाड मरते. रोगाने मेले असे समजून औषधांवर खर्च करणे व्यर्थ आहे, आणि ते वाळलेले खोड शोभा म्हणून किंवा आळसाने उभे ठेवणे हा तर शेजाऱ्यांच्या नारळांवर केलेला अन्याय आहे. त्याचा गाभा मऊ व पिठूळ असल्याने दोन पावसांत कुजतो आणि अळ्यांना आयते घर मिळते. असे खोड तोडून, उभे चिरून वाळवावे वा जाळावे. पावसामुळे जाळणे शक्य नसेल तर निदान चिरून उघडे करावे, अळ्या वेचून कोंबड्यांना घालाव्यात आणि बुंधाही खणून काढावा.

कुजत्या खोडांत पोसल्या जाणाऱ्या या भुंग्याच्या उपद्रवाची किंमत प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांनी मोजली. 1942 च्या सुमारास हा भुंगा तेथे पोहोचला आणि पुढील दहा वर्षांत तेथील जवळपास निम्मे नारळ नष्ट झाले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर परिसरात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पडलेली खोडे लवकर हलवणे हे नवी रोपे लावण्याइतकेच निकडीचे काम होते, कारण कुजत्या खोडांशेजारी लावलेले रोप म्हणजे भुंग्यापुढे ठेवलेले खाद्य होय.

रोपांबरोबर येणारी माती हा दुसरा दुर्लक्षित मार्ग आहे. सामोआत 1909 साली हा भुंगा श्रीलंकेहून आणलेल्या रबराच्या रोपांबरोबर पोहोचला. म्हणून रोपवाटिकेतील पिशवी आणि विकतचे शेणखत परसात पसरण्यापूर्वी उकरून पाहावे. भेरली माडाखाली आपोआप उगवणारी, माशाच्या शेपटीसारख्या पानांची रोपे सगळी जपण्याचा मोह सोडावा. एक-दोन सशक्त रोपे एक-दोन पानांवर असतानाच मुळांभोवतीच्या मातीसह हलवावीत आणि उरलेली उपटावीत. पिकलेली लाल फळे उघड्या हातांनी चोळू नयेत, कारण गरातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांनी त्वचेला असह्य खाज सुटते.

शेंड्यात घासलेट ओतणे किंवा मूठभर दाणेदार विष टाकणे हे घरगुती तोडगे तत्काळ बंद झाले पाहिजेत. घासलेटाने कोंबच करपतो. फोरेटसारखे विष तर देशात बंदी घातलेले आहे आणि ज्या परसात मुले, गुरे व विहीर आहे तेथे ते वापरणे अक्षम्य आहे. पावसाच्या तोंडावर हिरव्या झावळ्या बुंध्याशी छाटण्याची सवयही तितकीच घातक, कारण ताज्या जखमा सोंड्या भुंग्याला बोलावतात; छाटणी अटळच असेल तर देठाचा सुमारे एक मीटर भाग खोडावर राखावा. कामगंध सापळा एका हेक्टरला एक पुरतो, आणि तो छोट्या परसात रोपांजवळ टांगला तर आसपासचे भुंगे तेथेच ओढून आणतो.

उपयोगी पडतो तो नेमाने केलेला साधा उपाय. दर आठवड्याला कोंब तपासून छिद्रातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून मारावा. लहान रोपाच्या आतल्या झावळ्यांच्या बेचक्यांत तीन-चार डांबराच्या गोळ्या ठेवून त्यांवर वाळू टाकावी व दर 45 दिवसांनी त्या बदलाव्यात. मोठ्या झाडाच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंडीची भुकटी तितक्याच वाळूत मिसळून मे, सप्टेंबर व डिसेंबरमध्ये भरावी. खताच्या खड्ड्यात मेटॅरायझियम ही अळ्यांना रोग जडवणारी बुरशी मिसळावी. तिने मेलेल्या अळ्यांवर हिरवी पूड दिसते. एका परसातला खड्डा स्वच्छ असून भागत नाही, भुंगा कुंपण ओलांडून येतो. म्हणून वाडीतील सर्व घरांनी मिळून याच पंधरवड्यात आपापले उकिरडे उपसावेत आणि पडलेली खोडे हलवावीत.