संग्रहाला तारीख असते, कादंबरीला नसते

मंडळाचा प्रातिनिधिक कथासंग्रह यंदा निघतोय आणि तुझी कादंबरी अर्ध्यावर आहे, दोन्ही कसं निभवायचं म्हणून विचारलंस. बाळा, आधी एक ओळखून ठेव. संग्रह कुठल्या तरी तारखेला बांधलेला असतो. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असो की दिवाळी, सभागृह आधीच ठरतं आणि मागे लागायला दहा माणसं असतात. कादंबरीच्या मागे लागणारा तू एकटाच. दोन्ही समोर आली की कादंबरीच मागे पडणार, हे धरूनच बेत आख.

चाकणला पाळ्या करणाऱ्याने रोज पहाटे उठून लिहिण्याचे संकल्प करू नयेत. पहिल्या पाळीत पहाट कंपनीच्या बसमध्ये जाते, रात्रपाळीनंतर अंगात त्राण उरत नाही. म्हणून वेळ घड्याळावर लावू नकोस, पाळीवर लाव. दुसऱ्या पाळीचा आठवडा कादंबरीचा, कारण सकाळ अख्खी हातात असते. पहिल्या पाळीचा आठवडा संग्रहाचा. संध्याकाळी माणसं घरी भेटतात, फोन उचलतात, प्रुफांवर बोलता येतं. रात्रपाळीत फक्त वाचावं.

मात्र संग्रहाच्या आठवड्यातही कादंबरीची वही रोज उघडायची. शेवटचं पान वाचायचं, एखादी ओळ लिहायची आणि मिटायची. वही बरेच दिवस बंद राहिली की पात्रांचं बोलणं कानातून जातं, मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसावं लागतं. तळेगाव-चाकण रस्त्यावर बस अडकली की सुचलेलं संभाषण फोनवर हळू आवाजात बोलून ठेव, रविवारी उतरवून काढ. रंगनाथ पठारे यांनी संगमनेरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत ‘ताम्रपट’सारखी जाडजूड कादंबरी लिहिली, १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. नोकरीच्या आड येऊ नये म्हणून कादंबरी लहान ठेवावी, असं मला कधीच पटलं नाही.

आता संग्रहाचं. काम एकच घे. वर्गणी, छपाई, प्रुफं, कार्यक्रम यातलं एक, आणि ते मनापासून कर. माझं ऐकशील तर प्रुफं घे, त्याने तुझी स्वतःची भाषाही सुधारते. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, पुष्कळ डीटीपीवाले मजकूर श्रीलिपीत नेतात. त्या बदलात जोडाक्षरं आणि रफार हमखास फुटतात, म्हणून मजकूर बसवल्यानंतरचं प्रुफ कागदावर काढून पुन्हा वाच, फाइलवर भरवसा ठेवू नकोस. फॉर्मा साधारण सोळा पानांचा असतो. एकाची कथा चार पानांनी लांबली तर नवा फॉर्मा लागतो आणि वर्गणी सगळ्यांची वाढते, हे शब्दमर्यादा सांगतानाच सांग. नंतर सांगितलं की मनं दुखावतात.

कादंबरीतलं प्रकरण तोडून संग्रहाला कधीच देऊ नकोस. वाचणाऱ्याला ते अर्धवट वाटतं, आणि छापून आलं की तुझ्या मनात ते प्रकरण पक्कं होतं, पुढे बदलायचा हात होत नाही. त्यापेक्षा कादंबरीतून वगळलेलं एखादं माणूस घे. ज्याच्यासाठी तिथे जागा नव्हती तो कँटीनवाला, तो कंत्राटी हेल्पर. त्याची कथा लिही. माहिती तुझ्याकडे आहेच, आणि कादंबरीला ओरखडा येत नाही.

कथा देताना एक ओळ लेखी घे: ही कथा पुढे माझ्या पुस्तकात घेण्याचा हक्क माझ्याकडे राहील. मंडळ आपलंच आहे, तरी घे. हक्क लेखी देताना मुदत लिहिली नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते.

आणि भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांना गुरुवारची सुट्टी, ऑफिसवाल्यांना रविवारची, म्हणून मंडळाची बैठक कुणाच्या तरी सुट्टीवर येणारच. लागोपाठ दोन सुट्ट्या बैठकीत गेल्या तर तिसऱ्या वेळी ‘येत नाही’ असं सरळ कळव. कुणी रागावलं तर माझं नाव सांग. आणि पुढच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात जे प्रकरण होईल, ते कच्चं असलं तरी मला वाचायला आणून दे.