लपवू नका, जबाबदारी द्या

माता-पित्यांनो, आपले विशेष मूल ही कोणत्याही पापाची शिक्षा नव्हे. ती अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. तथापि ‘सब्र करा’ एवढ्याच उपदेशाने घरात आनंद येत नाही. मग तो कोठून येतो?

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. शिकण्याच्या ओढीने ते आले असता त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा पवित्र कुरआनच्या ८० व्या सूरहने खुद्द प्रेषितांना (स.) त्याची जाणीव करून दिली. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांना अजानची सेवा दिली, प्रवासास निघताना मदीनेत नमाजची इमामतही सोपविली. अंधत्व आडवे आले नाही, कारण त्यांच्यावर विश्वास टाकला गेला.

आपल्या पुण्यातही सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ स्थापन केली. बौद्धिक अक्षमता असलेली मुले तेथे शिक्षणासोबत हाताचे कामही शिकतात.

तेव्हा मुलाला पाहुण्यांपासून लपवू नका. ईदगाहवर सोबत न्या. दस्तरख्वान अंथरण्यासारखे एखादे काम त्याचे स्वतःचे असू द्या. इतरांशी तुलना थांबली, की ज्या दिवशी तो न सांगता दस्तरख्वान अंथरील, तो दिवस घराची ईद ठरेल. आणि नातलगांनो, आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला सांभाळून थकलेल्या आईला विसावा द्या. हीही इबादतच आहे.