जुने मोटरहोम: घेणे आणि राखणे



महाराष्ट्रात विकायला निघणारी जुनी मोटरहोम बहुधा मुळात मोटरहोम नसतात. कुठल्या तरी ट्रॅव्हल्सवाल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर म्हणून ती काही वर्षे पळालेली असतात. मग सीट काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि जागा उरलीच तर संडास बसवलेला असतो. फोर्स मोटर्सची, म्हणजे 2005 पर्यंतच्या बजाज टेम्पोची, ट्रॅव्हलर या कामाला सोयीची, कारण छत उंच असते आणि तिचे काम जाणणारा मिस्त्री बहुतेक गावांत सापडतो. घेणारा एक जुनी गाडी आणि एक जुने घर एकदम विकत घेत असतो. भाड्याची गाडी पळून झिजते. मोटरहोम वर्षातले बहुतेक दिवस उभे असते आणि उभे राहूनच बिघडते. पारख करताना आणि पुढे राखताना हे एकच ध्यानात ठेवले तरी निम्मा खर्च वाचतो.

इंजिनाआधी कागद पाहावेत. आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिला आहे, हा पहिला प्रश्न. आत पलंग आणि कागदावर सतरा सीट, अशी गाडी स्वस्त मिळते आणि महागात पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा मूलभूत बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमके तिथेच बोट ठेवते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वर्गात मोडते. भाड्याने फिरणारी परिवहन वर्गात जाते आणि तिचे पासिंग आठ वर्षांनंतर दरवर्षी करावे लागते. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून भाड्याच्या उत्पन्नाची स्वप्ने दाखवणारे विक्रेते भेटतात. पहिल्याच गाडीवर तो हिशेब मांडू नये.

गाडी नावावर करून घेताना विकणाऱ्याचा फॉर्म 29, घेणाऱ्याचा फॉर्म 30 आणि कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकतीसह फॉर्म 35 लागतो. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा मात्र चौदा दिवसांत बदलून घ्यावा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. जालन्याची एमएच-21 पट्टी लागेपर्यंत हेलपाटे होतातच. परवान्याची चिंता नको: एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेल्या वाहनाला एलएमव्ही परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

पुढचे काम जालन्यात जितके सोपे आहे तितके फार थोड्या गावांत असेल. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांमुळे आणि मोंढ्यामुळे इथे वजनकाटे जागोजागी आहेत. सौदा ठरण्यापूर्वी गाडी काट्यावर घालावी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची. आरसीवर रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यातली किती जागा फर्निचरनेच खाल्ली, ते पावतीवर दिसते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. शिशाच्या दोन मोठ्या बॅटऱ्यांचे साठेक किलो. त्यावर सिलिंडर, भांडी, गाद्या आणि घरची पाच माणसे. हौशी सुताराने जाड प्लाय वापरून केलेली गाडी माणसे बसण्याआधीच मर्यादेला टेकलेली असते, आणि तो भार मागच्या पाट्यांवर, ब्रेकवर आणि टायरवर येतो. गाडी एका बाजूला कललेली दिसली तर टाकी आणि बॅटऱ्या एकाच अंगाला बसवल्या आहेत असे समजावे.

टायरची नक्षी पाहून फसू नये. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदललेलाच बरा, कारण उन्हात उभ्या गाडीचे रबर आतून सुकते आणि बगलेला बारीक चिरा पडतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो; मे महिन्यात त्याच्या तापलेल्या काँक्रीटवर भरलेली गाडी तासन्तास एका वेगाने पळवली की असा टायर दगा देतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीसोबतच्या माहितीप्रमाणे भरावी. अशा गाडीला ताशी ऐंशी पुष्कळ झाले.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. बाकी चेसिस, क्लच, स्टिअरिंग भरवशाच्या मिस्त्रीला दाखवावे. त्याला यातले सगळे कळते. घराचा भाग मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो.

घराच्या भागात छत पहिले. हवेच्या झडपेसाठी, सोलर पॅनेलसाठी पत्रा कापलेला किंवा भोके पाडलेली असतात आणि त्या कडांना लावलेले सीलंट उन्हाने तडकते. मराठवाड्यात आठ महिने कोरडे जात असल्याने गळती झाकली जाते. एप्रिलमध्ये पाहिलेली गाडी कोरडीठाक दिसणारच. म्हणून छतावर पाइपाने अर्धा तास पाणी सोडावे, आत कपाटांच्या कोपऱ्यांत हात फिरवावा, प्लाय दाबून पाहावा. फुगलेला किंवा भुसभुशीत लागला तर किंमत पाडून मागण्यापेक्षा सौदा सोडावा. घेतल्यावर दर मे महिन्यात छतावर चढून कडा तपासाव्यात.

विजेचा हिशेब कागदावर करावा. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी 1200 वॉट-अवर साठवते, पण तिचा निम्म्याहून जास्त वापर केला की आयुष्य घटते. हाती येतात 600. वीस वॉटचा पंखा दहा तासांत 200 खातो. फ्रिज चालू ठेवून अजिंठ्याला जायचे तर गाडी दिवसभर फर्दापूरच्या वाहनतळावर उन्हात राहणार, कारण लेण्यांपर्यंत बसनेच जावे लागते. तेव्हा पॅनेल पुरेसे हवे. इंजिनाची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळ्या असाव्यात. काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीवर मीटरने 12.7 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. वायरिंग कसेही ओढलेले दिसले आणि फ्यूज कुठे आहेत हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर सगळे नवे करण्याचा खर्च धरावा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीशी साचतो. सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. नळी पाच वर्षांनी बदलावी, झोपताना रेग्युलेटर बंद करावा.

जालन्यात गाडी उभी करण्याची जागा हाही देखभालीचाच भाग. काळ्या मातीवर ती ठेवू नये. पावसाळ्यात चाके रुततात आणि ओलाव्याने खालून गंज चढतो. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुरूम दाबून त्यावर फरश्या टाकाव्यात. सोयाबीन आणि मका निघाल्यावर उंदीर उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा आत धान्याचा दाणा राहू देऊ नये. झडपांत कुंभारमाशी मातीची घरे करते, निघण्यापूर्वी पाहावे. बोअरच्या जड पाण्याने टाकीत आणि नळांत क्षार साचतात, म्हणून उभी करताना टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवावे. संडासाची टाकी नाल्यात नव्हे, घरच्या सेप्टिक टँकमध्येच ओतावी.

दर पंधरवड्याला गाडी बदनापूरपर्यंत नेऊन आणावी. जागेवर दहा मिनिटे इंजिन चालवल्याने ऑइल पुरते तापत नाही आणि आत पाण्याचा अंश साचतो. रस्त्यावर ब्रेक, टायर, बेअरिंग सगळ्यांनाच व्यायाम मिळतो. किलोमीटर कमी झाले तरी ऑइल वर्षाला आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. पहिल्या वर्षी खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. तो नसेल तर त्याच किमतीत लहान गाडी पाहावी.