रसवंतीच्या घुंगरांतून शिका व्हिडिओ एडिटिंग



एडिटिंग शिकून नांदेड-लातूरच्या दुकानदारांसाठी रील बनवायचे, हा कमी भांडवलाचा धंदा आहे. पण बरेच जण ॲपमधली बटणं पाठ करत बसतात आणि कट नेमका कुठे मारायचा, हे शिकायचंच राहून जातं. ते शिकायचा सोपा मार्ग म्हणजे छोट्या छोट्या क्लिपांच्या आवाजातून ताल बनवणं. आवाज चुकीच्या जागी पडला की कानाला लगेच खटकतं. तुमचा कानच तुमचा मास्तर.

ही कल्पना नवी नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून त्यांची रचना केली. २००६ मध्ये नॉर्वेच्या लासे येर्टसेनने एकेक ठोका वेगळा शूट करून ड्रम आणि पियानोचा व्हिडिओ जोडला. त्याला दोन्ही वाद्यं वाजवता येत नव्हती! २०१२ मध्ये इंदूरच्या स्नेहा खानवलकर यांनी एमटीव्हीच्या 'साउंड ट्रिपिन'साठी गावोगावचे आवाज गोळा करून गाणी केली. आणि आपल्या मराठवाड्यातल्या संभाजीनगरचा यशराज मुखाटे तर सगळ्यांना माहीत आहे. २०२० मध्ये त्याने 'साथ निभाना साथिया'मधल्या कोकिलाबेनच्या संवादाला ताल-सूर दिला आणि तो देशभर गाजला.

चला तर मग, आपण रसवंती घेऊ.

पायरी १ : पाच आवाज निवडा
उसाची मोळी खाली टाकल्याचा 'धप', ग्लास टेबलावर ठेवल्याचा 'टक', बर्फ फोडल्याचा 'कच', चरकाच्या घुंगरांचा 'छन' आणि गाळणीतून रस पडल्याचा 'सर्र'. प्रत्येक आवाज पाच-सहा वेळा घ्या. मोबाइल जवळ धरा, विमान मोडवर टाका, पंखा बंद ठेवा. सेटिंग ३० फ्रेमचं ठेवा.

पायरी २ : कापणी
क्लिप टाइमलाइनवर घेऊन आवाजाची लहर मोठी करून बघा. लहर जिथे एकदम वर उसळते, तिथेच क्लिप सुरू झाली पाहिजे. आधी दोन-चार फ्रेम शांतता राहिली तरी ताल ढिला वाटतो.

पायरी ३ : गणित
मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १५ फ्रेमची. केरव्याच्या ८ मात्रा म्हणजे १२० फ्रेम, बरोबर ४ सेकंद. २५ फ्रेमवर काम केलं तर एक मात्रा साडेबारा फ्रेमची होते आणि अर्धी फ्रेम काही कापता येत नाही. म्हणून ३०.

पायरी ४ : मांडणी
मात्रा १ – धप
मात्रा ३ – टक
मात्रा ६ – धप
मात्रा ७ – कच
मात्रा ८ – छन

२, ४ आणि ५ रिकाम्या. तिथे आधीचंच चित्र चालू द्या, नाहीतर पडदा काळा होईल. 'सर्र' हा लांब आवाज. तो खालच्या ऑडिओ ट्रॅकवर हळू आवाजात पसरा. 'धप' मोठा आणि 'छन' बारीक ठेवा, सगळे एकाच पातळीवर नकोत.

पायरी ५ : आवर्तनं
हे ४ सेकंद कॉपी करून ७ वेळा लावा, २८ सेकंद झाले. चौथ्या आवर्तनात एखादा आवाज बदला, म्हणजे बघणारा कंटाळत नाही. शेवटचे २ सेकंद दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर. झाली ३० सेकंदांची जाहिरात! यात तुम्ही ३५ ठोके जागेवर बसवले. ट्रिम, कॉपी, लेयर, आवाजाची पातळी, सगळं हाताखालून गेलं.

मोबाइलवर इनशॉट किंवा काइनमास्टर चालेल, कॉम्प्युटरवर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. कॉम्प्युटरवर आवाज आणि चित्र हळूहळू सरकू लागलं, तर मोबाइलने फ्रेमचा वेग कमी-जास्त केलेला असतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिप एकाच स्थिर वेगाची करून घ्या.

आता धंद्याची गोष्ट
दुकानाच्या जाहिरातीत सिनेमाचं गाणं टाकलं तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो, हक्काचा दावा येऊ शकतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं टिकतो. मालिकेतला संवादही दुसऱ्याच्या मालकीचा, त्यामुळे ग्राहकाच्या जाहिरातीसाठी तो परवानगीशिवाय वापरू नका. पण रसवंतीचा 'छन' तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलाय! दुकानदाराला हेच सांगा : "आवाज तुमच्याच दुकानाचा आहे, गाण्याच्या हक्कावरून कुणी बोट ठेवणार नाही." हा मुद्दा तुमचा भाव वाढवतो. मालकाची आणि ज्यांचे चेहरे दिसतात त्या कामगारांची परवानगी मात्र आधी घ्या.

भाव सांगताना शूटिंगचे तास, एडिटिंगचे तास आणि दोन दुरुस्त्या धरा. तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे, हे आधीच बोलून ठेवा.

गृहपाठ : गंजगोलाईत जा नाहीतर वजिराबादला. टेलर, पिठाची गिरणी, चहाची टपरी, कुठलंही एक दुकान निवडा. पाच आवाज, एक आवर्तन, फक्त ४ सेकंद. डोळे मिटून ऐका. बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं, तर समजा कट जागेवर बसला. मगच पुढची सहा आवर्तनं करा आणि तो व्हिडिओ त्याच दुकानदाराला नेऊन दाखवा. तुमचा पहिला ग्राहक तिथेच भेटू शकतो.